मावशीचे दात

मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि ती खरी आहे. ज्या जबड्यात सापडलेला उंदीर पुन्हा हलत नाही, त्याच जबड्यात मानगुटीला धरलेलं पिल्लू डोळे मिटून, पाय पोटाशी घेऊन निवांत लोंबकळत असतं. पिलाचे दात कोणाकोणाला लागतात, याबद्दल मात्र म्हणी करणारे काहीच बोलून गेले नाहीत. बहुधा बोलायच्या वेळी त्यांचा हात पिलाच्या तोंडात असावा.

आमच्या शिरूर-दौंड भागात मांजर ही हौसेनं पाळायची गोष्ट नाही. घोड नदीच्या आणि भीमेच्या पाण्यावर इथे ऊस, कांदा, गहू. घरात धान्याच्या कोठ्या, अंगणात कांद्याची चाळ, दौंडकडे सरकलात की गुऱ्हाळं. म्हणजे उंदरांना बाराही महिने पंगत. त्यामुळे मांजर हे घरच्या माणसांत मोजत नाहीत, कामावरच्या माणसांत मोजतात. ते विकत कोणी आणत नाही. एक तर ते आपलं आपण येतं, नाहीतर नणंदेकडून येतं.

आमच्याकडे नणंदेकडून आलं. वन्सं दौंडला, रेल्वे कॉलनीत राहतात. त्यांच्या कोळशाच्या जुन्या खोलीत मांजरी व्याली होती. "ताटलीतलं दूध चाटायला लागलंय बघ, आता न्यायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी चपलांच्या खोक्याला भोकं पाडून पिल्लू माझ्या हवाली केलं. दौंडहून चौफुला, तिथून न्हावऱ्यावरून शिरूर, असा एस.टी.चा प्रवास त्याने सगळ्या गाडीला ऐकवत केला. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं हाफ काढू का?" मी म्हटलं, काढा, पण तिकीट त्याच्या हातात तुम्हीच द्या. त्याने खोक्याच्या भोकातून बोट आत घातलं आणि पुढे न्हावऱ्यापर्यंत तो काही बोलला नाही.

घरी आल्यावर पिलाचं नाव टीसी पडलं. दौंडचं म्हणून नव्हे, वागण्यावरून. स्वयंपाकघराच्या दाराआड दबा धरून बसायचं आणि उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येक पायाची तपासणी करायची. पासधारकालाही सूट नाही. सासूबाई नऊवारी नेसतात, त्यामुळे त्यांची पावलं आणि घोटे सदैव उघडे. त्यांची तपासणी दिवसातून कितीदा व्हायची याला हिशेब नव्हता. बचत गटाच्या बायका आमच्या ओसरीवर जमल्या, तेव्हा हिशेबाच्या वहीपेक्षा सगळ्यांचं लक्ष आपापल्या जोडव्यांकडे होतं.

हा हल्ला जवळून पाहण्यासारखा असतो, हात आपला नसेल तर. आधी कान मागे जातात. मग डोळ्यांतल्या बारीक काळ्या रेषा पसरून डोळाभर होतात. पुढचं अंग जमिनीला टेकतं, मागचं ढुंगण वर येऊन डावीकडे-उजवीकडे हलतं, जणू नेम धरताना तिथेच काही जुळवाजुळव चालली आहे. मग झेप. पुढच्या दोन पायांनी मनगटाला मिठी, दात अंगठ्याच्या मुळाशी, आणि मागच्या दोन पायांनी कोपराकडच्या बाजूला भराभर लाथा. त्या लाथा गंमत म्हणून नसतात. मोठ्या मांजराने शिकार धरली की ती मागच्या नखांनी फाडायची, त्याची ही उजळणी. तोंडात दुधाचे सव्वीस दात. त्यातले चार सुळे इतके बारीक की लागल्याचं आधी कळतच नाही, रक्ताचा ठिपका आला की कळतं.

आणि इथेच आपण सगळे तेच करतो. "आई गं" म्हणून हात मागे ओढतो. हात ओढला की पिलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो: पळतंय! म्हणजे जिवंत आहे, म्हणजे उंदीरच आहे. पकड दुप्पट. ओढण्यापेक्षा हात जागच्या जागी मेल्यासारखा सोडून द्यावा. मेलेला उंदीर ही मांजराच्या दृष्टीने जगातली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू. थोड्या वेळाने जबडा सैल होतो, ते वर बघतं, चेहऱ्यावर "झालं?" असा भाव. मग हात काढून घ्यायचा, उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही, काही नाही. खेळ संपला, एवढंच.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालं. सासूबाईंना ते पुस्तक न वाचताच होतं. त्या म्हणाल्या, "अगं, ते तुझ्या हाताला उंदीर समजतंय. त्याचं काय चुकलं? उंदरासारखा तूच हलवतेस."

खरं तर हा धडा त्याला आमच्याकडे यायच्या आधीच मिळायला हवा होता. एका वेताची चार-पाच पिल्लं दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडत असतात. एकाने दुसऱ्याचा कान जोरात चावला की दुसरं किंचाळतं, उलटून चावतं किंवा सरळ उठून निघून जातं. चावणारा एकटाच बसतो. असं शंभरदा झालं की त्याला कळतं, इतकं चावलं तर चालतं, त्याच्या पुढे गेलं तर खेळगडी जातो. फार मस्ती झाली तर आई मानेवर पंजा ठेवून खाली दाबते. आपण मात्र पिल्लू दूध चाटायला लागलं, म्हणजे महिना-सव्वा महिन्याचं झालं, की उचलतो. त्याला खायला येतं, हगायची जागा कळते, फक्त किती चावायचं ते माहीत नसतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांच्या जवळपास मांजरांची माहिती गोळा केली होती. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं पुढे जास्त आक्रमक निघाली, आणि चौदा आठवडे आईजवळ राहिलेली त्या मानाने शांत. मी हे वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "फिनलंडात कांद्याच्या चाळी आहेत का?" प्रश्न बिनतोड होता.

मांजरीच्या भाच्याला या बाबतीत बरी सवलत आहे. मांजर म्हणजे वाघाची मावशी. आमच्याकडे वाघ नाही, पण बिबट्या आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि तिथले बिबटे गेल्या कित्येक पिढ्या उसात जन्मून उसात मोठे होताहेत. ऊसतोड सुरू झाली की फडात त्यांची पिल्लं सापडतात. अगदी लहान असली तर पहिल्या नजरेला मांजराचंच पिल्लू वाटावं. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, मानगुटीला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. पिलांना सात घरं फिरवायची मांजरीची रीत तिच्या भाचीनेही सोडलेली नाही. फरक एवढाच की सातही घरं उसाची. पण बिबट्याचं पिल्लू आईजवळ दीड-दोन वर्षं असतं. आमच्या टीसीच्या वाट्याला जेमतेम महिना आला. उरलेला अभ्यासक्रम आम्ही पुरा करायचा होता, आणि आमच्यातल्या कोणालाच मानेवर पंजा ठेवता येत नव्हता.

बिबट्याचा विषय आला म्हणून एवढं सांगते की, त्याच्यावरून फार थट्टा करायची नाही हे आम्हाला कळतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. शेतीची वीज रात्रीऐवजी दिवसा द्या, ही मागणी इथे हौसेची नाही. आमचे हे रात्री मोटार सुरू करायला निघाले की मी बॅटरीचा उजेड वळणाआड जाईपर्यंत दारात उभी असते.

टीसीच्या चावण्याशी याचा थेट संबंध आहे. पूर्वी मांजरं रात्रभर बाहेर असत. अंगातली सगळी रग शेतात जिरवून पहाटे घरी झोपायला येत. आता दिवेलागणीला कुत्रं आत, शेळ्या आत, मांजरही आत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो २०१४ साली छापून आला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचं होतं, आणि खाल्लेल्यांत मांजरंही होती. भाचा मावशीचा मान ठेवत नाही. म्हणून टीसी संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत घरात कोंडलेला. मांजराची शिकारीची वेळ नेमकी तीच, तिन्हीसांजेची आणि पहाटेची. घरात उंदीर दिसत नाही तोवर पायाचे अंगठे दिसतात. पांघरुणाबाहेर आलेला अंगठा तर काय, वाढून ठेवलेलं ताट.

उपाय सांगणारे भरपूर भेटले. दूधवाला म्हणाला, नाकावर टिचकी मारा. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाण्याचा सपकारा. सोसायटीत भेटलेले एक गृहस्थ म्हणाले, त्याला उलट चावा. ते हे अगदी गंभीरपणे म्हणाले, त्यामुळे पुढे काही विचारायचं धाडस झालं नाही. टिचकीचा परिणाम आमच्या धाकट्याने करून पाहिला. टीसीला वाटलं, हातही खेळायला लागला. त्याने टिचकी मारणारं बोट पकडलं. जरा भित्रं पिल्लू असतं तर ते हाताला भ्यायला लागलं असतं, आणि भ्यालेलं मांजर खेळात चावत नाही, खरंच चावतं. ते जास्त वाईट.

घरातला मोठा अडथळा म्हणजे आमचे हे. ह्यांच्या घराण्यात तालमीचं वेड. टीसी मांडीवर आला की हे त्याला उताणा पाडून पोटावर पाच बोटं नाचवणार, तो चारही पायांनी हाताला गुंडाळणार, आणि हे "अरे वा, ढाक टाकतोय पठ्ठ्या" म्हणून कौतुक करणार. ह्यांचे हात राबून राबून असे झालेत की पिलाचे दात त्यांना गुदगुल्या वाटतात. मग तोच पठ्ठ्या तोच डाव माझ्या हातावर टाकणार. मी म्हटलं, "अहो, त्याला माणसामाणसांतला फरक कळत नाही. एका हाताशी कुस्ती आणि दुसऱ्या हाताशी अदब, हे आपल्या मुलांना जमलं नाही, त्याला कसं जमेल?" हे दुखावले. पण दुसऱ्या दिवशी हातात जुना मोजा घेऊन बसलेले दिसले. त्यात चिंध्या भरून, वर गाठ मारून पैलवान तयार केला होता. मोजा टीसीच्या पोटावर, हात लांब. लाथा मोज्याला, चावे मोज्याला. कुस्ती चालू राहिली, फक्त जोडीदार बदलला.

दौंडला मनमाडकडून येणाऱ्या पुण्याच्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, मग तीच गाडी तेवढ्याच जोरात उलट दिशेने निघायची. आता कॉर्ड लाइन झाली, काही गाड्या स्टेशनात न येताच बाहेरून जातात. पण वर्षानुवर्षं हे इंजिन बदलणं पाहिलेल्या वन्संना माझं म्हणणं चटकन पटलं. पिलाचा जोर कमी करायच्या भानगडीत पडायचं नाही. इंजिन कुठल्या तोंडाला लावायचं तेवढं बघायचं.

सासूबाईंनी परकराची जुनी नाडी काढली. खाटेवर बसून त्या ती जमिनीवरून अशी सरपटत न्यायच्या की मलाही क्षणभर विंचू वाटावा. थांबवायच्या, कोठीच्या कोपऱ्याआड लपवायच्या, शेपटाएवढी बाहेर काढायच्या. टीसीची पळापळ होऊन तो धापा टाकायला लागला की शेवटी नाडी त्याच्या पंजात सापडू द्यायच्या आणि लगेच भाकरीचा दुधात कुस्करलेला काला समोर ठेवायच्या. दुधापेक्षा मांसाचा किंवा अंड्याचा घास मांजराला मानवतो, असं जनावरांचे डॉक्टर सांगतात; म्हणून पुढे आम्ही काल्यात उकडलेलं अंडं वाढवलं. पण क्रम सासूबाईंचाच राहिला. पळायचं, पकडायचं, खायचं, मग अंग चाटत झोपायचं. हा खेळ निजायच्या आधी झाला की पहाटेची अंगठा-तपासणी निम्म्यावर येई. खेळ संपला की नाडी मात्र डब्यात बंद. दोरा किंवा नाडी मांजराने गिळली तर आतड्यात अडकू शकते, आणि मग ऑपरेशनशिवाय गत नसते.

रक्त आलं त्या दिवसाचंही सांगायला हवं. धाकट्याच्या तळहाताला सुळा रुतला. सासूबाई हळद घेऊन धावल्या, काकू तिखटाचा डबा घेऊन. मी दोघींना ओलांडून त्याला नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते वाहत्या पाण्याखाली रडणारं पोर धरल्यावर कळतं. नंतर दवाखाना. पिलाला रेबीजची लस दिलेली नव्हती, ती तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणून पोराला इंजेक्शनं घ्यावी लागली, जखमेत लगेच द्यायचं वेगळं औषध धरून. सासूबाईंच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं होती. आता दंडावर घेतात, ठरलेल्या दिवसांना. पाश्चरने १८८५ साली पहिल्यांदा ज्या मुलाला ही लस दिली, तो नऊ वर्षांचा होता, आमच्या धाकट्याच्याच वयाचा. हे ऐकून त्याला जरा प्रतिष्ठा वाटली. मांजराच्या तोंडात एरवीही जे जंतू असतात, त्यांतल्या एकाला पाश्चरचंच नाव आहे. त्याने हात एका दिवसात सुजून लाल होऊ शकतो. म्हणून बारीक भोक आहे, बुजेल आपोआप, असं म्हणायचं नसतं. धाकटा शाळेत मात्र "बिबट्याच्या मावशीने चावलं" असं सांगून आला.

मग दात पडायला लागले. साडेतीन-चार महिन्यांचं पिल्लू झालं की दुधाचे दात हलतात, सहा-सात महिन्यांत नवे तीस येतात. मधल्या काळात हिरड्या सळसळतात, आणि पिल्लू दिसेल ते चावत सुटतं: चार्जरची वायर, झाडूच्या काड्या, ह्यांच्या चष्म्याची दांडी. पडलेले दात बहुतेक खाताना पोटातच जातात, आपल्याला दिसत नाहीत. पण सासूबाईंना झाडताना एक सापडला. तांदळाच्या कणीएवढा, टोकाला वाकडा. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि विचारात पडल्या. आमच्याकडे मुलांचा दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकतात, म्हणजे नवे दात उंदरासारखे बळकट येतात. तिन्ही नातवंडांचे दात त्यांनी स्वतः टाकले आहेत.

"मांजराचा दात कुठं टाकायचा?" मी विचारलं.

"बिळातच," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी कळू दे, घरात मांजर आहे."

कोठीमागे भिंतीच्या कोपऱ्यात एक बीळ होतं. सासूबाई खाली बसल्या, दोन बोटांत दात धरून हात आत घातला. हलता हात दिसल्याबरोबर टीसी तपासणीला आलाच. पण हाताजवळ पोचल्यावर तो थबकला. नाक पुढे झालं, मिश्या ताठ झाल्या, कान पुढे वळले. इतके दिवस या घरात राहून आपल्या कामाची जागा नेमकी कुठे आहे, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. सासूबाई उठून चुलीकडे गेल्या तरी तो तिथेच बसून राहिला, संध्याकाळचं अंडंसुद्धा त्याने उशिरा खाल्लं.

घोट्यांची तपासणी आता सणासुदीला होते. वन्सं फोन करून विचारतात, पुढच्या वेतातली एक बहीण राहिलीय त्याची, पाठवू का सोबतीला? मी म्हटलं, पाठवा, पण बारा आठवड्यांची होऊ द्या. तक्रार सध्या ह्यांची आहे. टीसी रात्रपाळीला जे धरतो, ते पुरतं मारत नाही. किती जोरात चावायचं, याचा धडा त्याने फारच मनावर घेतलाय. अर्धमेला उंदीर पहाटे ह्यांच्या उशाशी आणून ठेवतो आणि समोर बसून बघत राहतो, पुढचा डाव हे टाकतील म्हणून.